अंबाडीच्या बोंडापासून वीज: सेंद्रिय सौर घटात प्रभार कसा सुटा होतो, ते करून पाहू

गेल्या वर्षी शाळेत विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालली होती आणि काही पालक येऊन बसले होते. फळ्यावर ‘सेंद्रिय सौर घट’ लिहिलेलं वाचून एका बापूंनी विचारलं, “मॅडम, हे सेंद्रिय सोलर म्हंजे शेणखतावर चालते काय?” प्रश्न रास्त होता. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कपाशी-तुरीच्या पट्ट्यात सेंद्रिय म्हटलं की गांडूळखत, जीवामृत, दशपर्णी अर्क हेच डोळ्यांपुढे येतं. इथे मात्र सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या रेणूंचा. छपरावरच्या निळ्या-काळ्या पॅनेलमध्ये प्रकाश पकडायचं काम सिलिकॉन करतो. सेंद्रिय घटात तेच काम प्लॅस्टिकच्या नाहीतर रंगद्रव्याच्या जातीचे रेणू करतात.

असा खरा घट शाळेत करता येत नाही. त्याला नायट्रोजन भरलेली बंद पेटी लागते, निर्वातात धातूचा थर चढवणारं यंत्र लागतं. पण त्याचा एक जवळचा भाऊबंद आपल्या प्रयोगशाळेत नक्की करता येतो: रंगद्रव्याचा सौर घट. तो लाल अंबाडीच्या बोंडांवर चालतो, पावसाळ्याच्या तोंडावर जांभळाच्या सालीवरही चालतो. तो कसा करायचा ते खाली सविस्तर सांगते. आधी आत काय घडतं ते समजून घेऊ, कारण ते कळलं नाही तर घट बिघडल्यावर काय तपासायचं हेच कळत नाही.

कापूस वेचला, पण सरकी आतच आहे

प्रकाश ऊर्जेच्या पुड्यांनी येतो. एका पुडीला फोटॉन म्हणतात. लाल रंगाच्या फोटॉनमध्ये सुमारे १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (इतक्या बारीक ऊर्जेचं माप) ऊर्जा असते, निळ्यात सुमारे २.७. ही पुडी रेणूवर पडली आणि तिचं माप जुळलं, तर रेणूतला एक इलेक्ट्रॉन वरच्या रिकाम्या पायरीवर चढतो. खाली त्याची जागा मोकळी राहते. तिला ‘होल’ म्हणतात आणि ती धन प्रभारासारखी वागते.

हे माप जुळण्यासाठी रेणूत एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी, पुन्हा एकेरी अशी साखळी असावी लागते. अशा साखळीतले काही इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूला बांधलेले नसतात, ते साखळीभर पसरलेले असतात आणि डोळ्याला दिसणारा प्रकाश शोषू शकतात. आपल्या संत्र्याला जो केशरी रंग येतो तो कॅरोटिनॉइड रेणूंमधल्या अशाच साखळीमुळे. ज्या पदार्थाला गडद रंग आहे तो प्रकाश शोषतो हे उघडच आहे. मग प्रत्येक रंगीत पदार्थातून वीज का मिळत नाही?

सगळा विषय इथे आहे. प्रकाश शोषला म्हणजे वीज झाली, असं सेंद्रिय पदार्थात होत नाही. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल जन्मल्याबरोबर जवळजवळ सुटे होतात. सेंद्रिय पदार्थात ते एकमेकांना धरून राहतात. या बांधलेल्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. तिचा एकूण प्रभार शून्य, त्यामुळे ती तारेतून वाहत नाही.

मुलांना मी कपाशीवरून सांगते. बोंडातून कापूस वेचला तरी तो सूत नव्हे. प्रत्येक बोटुकात सरकी आहे आणि रुई तिला घट्ट धरून आहे. जिनिंगमध्ये गेल्यावरच रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे होते. प्रकाश शोषणं ही वेचणी; प्रभार मिळणं हे जिनिंगनंतरचं. सेंद्रिय घटाची सगळी कारागिरी जिनिंगमध्ये आहे, वेचणीत नाही. एक फरक मात्र लक्षात ठेवायचा. रुई आणि सरकी एकदा वेगळी झाली की पुन्हा चिकटत नाहीत; इलेक्ट्रॉन आणि होल मात्र संधी मिळाली की परत भेटतात, आणि भेटले की मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन जाते.

ही पकड किती घट्ट असते? दोन विरुद्ध प्रभारांमध्ये जो पदार्थ असतो तो त्यांची ओढ कमी करतो. सिलिकॉन ती सुमारे १२ पटींनी कमी करतो, सेंद्रिय पदार्थ जेमतेम ३ ते ४ पटींनी. म्हणून सेंद्रिय पदार्थात जोडी तोडायला साधारण ०.३ ते ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, तर सिलिकॉनमध्ये ०.०१५ च्या आसपास. आता आपल्या मे महिन्याचं ४५ अंशांचं ऊन घ्या. त्या तापमानाला कणांच्या हालचालीतली उष्णता असते सुमारे ०.०२७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सिलिकॉनमधली जोडी तेवढ्या धक्क्याने सुटते. सेंद्रिय पदार्थातली जोडी विदर्भातल्या उन्हाळ्यालाही दाद देत नाही! तिला तोडायला दुसरा उपाय हवा.

दोन पदार्थांची मेर

उपाय असा: इलेक्ट्रॉन सहज देणारा एक पदार्थ आणि तो ओढून घेणारा दुसरा पदार्थ शेजारी ठेवायचे. पहिला दाता, दुसरा ग्राही. एक्सायटॉन त्यांच्या मेरेवर, म्हणजे दोघं जिथे भिडतात त्या सीमेवर, आला की इलेक्ट्रॉन ग्राहीत उतरतो, कारण तिथली पायरी त्याला सोयीची असते, आणि होल दात्यातच राहतं. चांगल्या जोडीत ही उडी विलक्षण वेगाने होते. एका सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागात काम संपतं.

चिंग टँग यांनी १९८६ मध्ये असे दोन थर एकावर एक ठेवून घट केला. एक थर तांबं असलेल्या निळ्या रंगद्रव्याचा होता, दुसरा पेरिलीन जातीच्या रंगद्रव्याचा. कार्यक्षमता १ टक्क्याच्या आसपास आली. आज तो आकडा किरकोळ वाटेल, पण एकाच पदार्थाच्या आधीच्या घटांच्या मानाने ही झेप मोठी होती.

तरी एक अडचण उरली. एक्सायटॉन फार चालत नाही. साधारण १० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) गेला की त्याचं आयुष्य संपतं. प्रकाश पुरेसा शोषायला मात्र १०० नॅनोमीटर तरी जाडी हवी. म्हणजे जिनिंग जिल्ह्याच्या गावी आणि कापूस पार आडवळणाच्या वावरात. वाटेतच माल वाया. १९९५ मध्ये ॲलन हीगर यांच्या गटाने आणि त्याच सुमारास केंब्रिजच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली: थर वेगवेगळे ठेवायचेच नाहीत, दाता आणि ग्राही एकाच द्रावणात मिसळून त्याचा एक थर ओतायचा. वाळताना दोघांच्या बारीक-बारीक नसा एकमेकींत गुंततात. आता कुठेही एक्सायटॉन जन्मला तरी मेर ५-१० नॅनोमीटरवर आहे. गावोगाव जिनिंग झालं म्हणा.

पण जिनिंग गावोगाव झालं तरी रस्ता पाहिजेच. सुट्या झालेल्या इलेक्ट्रॉनला ग्राहीच्या नसेतून एका टोकाच्या विद्युतअग्रापर्यंत सलग जाता आलं पाहिजे, होलला दात्याच्या नसेतून दुसऱ्या टोकापर्यंत. नस मध्येच तुटली तर प्रभार तिथेच अडकतो आणि कुणीतरी विरुद्ध प्रभार येऊन त्याला गाठतो. फार बारीक मिसळलं तर रस्ते तुटतात, फार जाडं मिसळलं तर मेर दूर जाते. म्हणून या क्षेत्रातले लोक द्रावक कोणता, वाळवण किती वेळ, किती तापमानाला, यावर वर्षानुवर्षं घालवतात. हे वाचून मला खरंच आदर वाटतो. २०१९ च्या सुमारास ग्राही म्हणून नवे रेणू आले आणि प्रयोगशाळेतल्या लहान घटांची कार्यक्षमता १५ टक्क्यांवर गेली. आता ती १९ टक्क्यांपलीकडे आहे.

आपला घट: साहित्य

रंगद्रव्याच्या घटाला आजचं रूप मायकेल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओ’रेगन यांनी १९९१ मध्ये दिलं. त्यांनी एक्सायटॉनच्या चालण्याचा प्रश्नच काढून टाकला. यात ग्राही म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पांढऱ्या रंगात असतो तोच, आणि रंगद्रव्याचा एक-एक रेणू त्याला थेट चिकटलेला. प्रत्येक बोटुक जन्मतंच जिनिंगच्या दारात. म्हणून मेर म्हणजे काय हे शिकायला यापेक्षा चांगला घट नाही.

वीज वाहून नेणारी काच लागेल, तिच्यावर फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर असतो. ती आणि टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनो पावडर गावात मिळणार नाही. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडून मागवा. पावडर २० ते २५ नॅनोमीटरचीच हवी. रंगाच्या दुकानातल्या पांढऱ्या पावडरीचे कण २००-३०० नॅनोमीटरचे असतात, त्यांना पृष्ठभाग कमी, मग रंगद्रव्य कमी, मग विद्युतधारा नावापुरती. बाकी सगळं साधं: व्हिनेगर, भांड्यांचा लिक्विड साबण, सेलोटेप, मेणबत्ती, कागदाचे काळे क्लिप, मल्टिमीटर, पोटॅशियम आयोडाइड, आयोडीन आणि इथिलीन ग्लायकोल.

लाल अंबाडी आमच्याकडे धुऱ्यावर असतेच. हिवाळ्यात बोंडं तोडून सावलीत वाळवून ठेवा, वर्षभर पुरतात. भाजीच्या पानांचा इथे उपयोग नाही, लाल बोंडंच पाहिजेत.

कृती

आधी द्रावण करून ठेवा. १० मिलिलिटर इथिलीन ग्लायकोलमध्ये ०.८३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड पूर्ण विरघळवा, मग ०.१३ ग्रॅम आयोडीन घाला आणि गडद बाटलीत भरा. हे काम शिक्षकांनी हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून करायचं. इथिलीन ग्लायकोल विषारी आहे आणि चवीला गोडसर लागतं, म्हणून बाटलीवर मोठं लेबल लावून कुलपात ठेवा. पाणी किंवा स्पिरिट वापरलं तर उन्हात घट अर्ध्या तासात सुकतो; ग्लायकोल १९७ अंशांना उकळतं, ते टिकतं.

काचेची कोणती बाजू वाहक आहे ते मल्टिमीटरने पाहा. रोध १० ते ३० ओहम दाखवला तर तीच बाजू. नुसत्या डोळ्याने ओळखू येत नाही, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. वाहक बाजू वर ठेवून तिच्या तीन कडांवर सेलोटेप लावा.

३ ग्रॅम पावडर खलात घ्या. तोंडाला रुमाल बांधा, बारीक धूळ नाकात जाऊ देऊ नका. व्हिनेगर पाण्याने पातळ करून सुमारे साडेचार मिलिलिटर घ्या आणि थेंबाथेंबाने घालत घोटत राहा. सगळं एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. रंगाइतकी, ओढली की पसरेल अशी पेस्ट झाली की साबणाचा एक थेंब घाला आणि फेस न करता हलवा. काचेच्या कांडीने पेस्ट एकाच ओढीत पसरवा. पाच मिनिटं वाळू द्या, मग टेप काढा.

आता भाजणी. ४५० अंशांच्या आसपास अर्धा तास हवा. तितकी तापणारी हॉट प्लेट नसेल तर गॅसवर जाड लोखंडी तवा, त्यावर काच, वरून लहान लोखंडी कढई उपडी. मधून कढई उचलून पाहा: थर आधी पिवळसर-तपकिरी होतो, थोडा धूर येतो, आणि मग हळूहळू परत पांढरा होतो. साबण जळून गेला आणि कण एकमेकांना जोडले गेले याची ती खूण. तपकिरीवरच गॅस बंद केला तर घट चालणार नाही. पांढरा झाल्यावरही काच तव्यावरच गार होऊ द्या. पहिल्या वर्षी मी घाईने चिमट्याने उचलून गार फरशीवर ठेवली. टक असा आवाज आला आणि मधोमध चीर गेली. आता गॅस बंद केला की मुलांना सरळ मधल्या सुट्टीला सोडते.

अंबाडीची मूठभर बोंडं थोड्या कोमट पाण्यात भिजवून गडद अर्क काढा आणि गाळून घ्या. भाजलेली काच त्यात पांढरी बाजू वर करून ठेवा. हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. पांढरा थर आधी गुलाबी होतो, मग हळूहळू जांभळट. अर्क लाल आणि काच जांभळी, असं का? कारण अंबाडीचं अँथोसायनिन आपल्या शेजारी-शेजारी असलेल्या हायड्रॉक्सिल गटांनी टायटॅनियमला पक्कं धरतं आणि त्या धरण्याने त्याचा रंग बदलतो. रंग बदलणं हीच मेर तयार झाल्याची पावती. मागून पाहिलं तर कुठे पांढरं दिसतं का ते बघा. दिसत असेल तर आणखी वेळ ठेवा. मग आधी पाण्याने, नंतर स्पिरिटने हलकेच धुवा आणि वाळवा. नुसता वर साचलेला रंग धुऊन जातो, चिकटलेला राहतो.

दुसऱ्या काचेची वाहक बाजू मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून तिच्यावर काजळी धरू द्या. कडा पुसून घ्या. दोन्ही काचा थर आतल्या बाजूला येतील अशा, जरा सरकवून एकमेकींवर ठेवा, म्हणजे दोन्ही टोकांना क्लिप लावायला जागा राहील. दोन बाजूंना काळे क्लिप लावा आणि फटीपाशी द्रावणाचा एक थेंब सोडा. तो आपोआप आत ओढला जातो. बाहेर आलेलं द्रावण कापसाने कोरडं पुसा.

मोजणी, आणि फसवणारा आकडा

मल्टिमीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवा. रंगद्रव्याची काच ऋण, काजळीची धन. रंगद्रव्याची बाजू सूर्याकडे करा. ०.३ ते ०.५ व्होल्ट आला तर घट जमला. मग विद्युतधारा मोजा. दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिअँपिअरच्या आत-बाहेर काही मिळालं तरी चांगलं समजा. चांगला सिलिकॉनचा घट ३५ ते ४० च्या आसपास देतो, म्हणजे तुलना नकोच. आणि ०.४ व्होल्ट गुणिले १ मिलिअँपिअर अशी शक्ती काढू नका. व्होल्ट मोजला तेव्हा धारा वाहतच नव्हती, आणि धारा मोजली तेव्हा व्होल्ट जवळजवळ शून्य होता. मध्ये एक रोध जोडून दोन्ही एकदम मोजा, तीच खरी शक्ती.

आता कळीची तपासणी. घटावर वही झाका. आकडा पडला पाहिजे. आमच्या एका घटाने ०.६ व्होल्ट दाखवले, वर्गात टाळ्या पडल्या, आणि वही झाकली तरी आकडा जागचा हलला नाही. मगरी चिमट्याचा धातू द्रावणाला लागला होता. ती सौरऊर्जा नव्हती, साधी रासायनिक बॅटरी होती. तेव्हापासून नियम केला: उजेड-अंधार-उजेड असे तीन आकडे वहीत लिहिल्याशिवाय घट झाला म्हणायचं नाही.

व्होल्ट येतो पण धारा नाही? बहुतेक वेळा रंगद्रव्य कमी बसलेलं असतं किंवा भाजणी कच्ची असते; कण जोडले गेले नसले की इलेक्ट्रॉनला रस्ता मिळत नाही. दोन्ही शून्य असेल तर काचेची चुकीची बाजू लागली आहे. चांगला चालणारा घट दहा मिनिटांत मंदावला तर द्रावण बाहेर आलंय.

आत जे चाललंय ते आता एका दमात सांगता येईल. अंबाडीचा रेणू फोटॉन घेतो. इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये उतरतो, कणाकणातून काचेकडे जातो, तारेतून मल्टिमीटरमध्ये, तिथून काजळीवर. द्रावणातलं आयोडीन तो उचलतं आणि अंबाडीच्या रेणूची रिकामी झालेली जागा भरून देतं. कुठलाच पदार्थ खर्च होत नाही. खऱ्या सेंद्रिय घटात द्रावण नसतं. तिथे होलला दात्याच्या घन नसेतूनच चालत जावं लागतं. बाकी गोष्ट तीच.

बापूंनी प्रदर्शनाच्या दिवशी विचारलं की यावर पंप चालेल का. नाही चालणार. सेंद्रिय घट हलके आणि वाकणारे असतात, सिलिकॉनसारखं १,४०० अंशांवर काही वितळवावं लागत नाही, शाईसारखे छापता येतात. पण हवेतला ऑक्सिजन, ओल आणि अतिनील किरण त्यांना लवकर मारतात. वावरातल्या पंपाला आज सिलिकॉनचंच पॅनेल घ्या. ‘नवीन सेंद्रिय पॅनेल’ म्हणून कुणी गावात पावती फाडायला आलं तर पैसे देऊ नका.

शेवटचा प्रयोग: पालक

हा जमल्यास नक्की करा, मला सगळ्यात आवडतो. दुसरी भाजलेली पांढरी काच घ्या आणि अंबाडीऐवजी स्पिरिटमध्ये काढलेल्या पालकाच्या गर्द हिरव्या अर्कात ठेवा. बाकी सगळं तसंच. हरितद्रव्य प्रकाश शोषण्यात अंबाडीला हार जाणारं नाही. पृथ्वीवरची सगळी पिकं त्याच्यावर वाढतात. पण धुतल्यावर काच पाहा, रंग निघून थर फिक्कट झालेला असतो. हरितद्रव्याकडे टायटॅनियमला धरून ठेवणारे हात नाहीत. दोन्ही घट शेजारी-शेजारी उन्हात ठेवून धारा मोजा. आमच्या नववीतल्या एका मुलीने पालकाचा आकडा लिहिला, अंबाडीचा लिहिला, पेन थांबवलं आणि म्हणाली, “मॅडम, कापूस तर दोन्हीकडं सारखाच होता. याले जिनिंगच नाही भेटलं.”